घरच्या घरी पेटीची दुरुस्ती: कुठपर्यंत करायची आणि कुठे हात आखडायचा

पेटी, म्हणजे हार्मोनियम, कारागिराकडे येते तेव्हा मूळ दोष बहुतेक वेळा किरकोळ असतो. रीडखाली (सूर काढणाऱ्या पितळेच्या पातळ जिभेखाली) अडकलेला धागा, पावसाळ्यात फुगलेली पट्टी (बोटाने दाबायची), भात्याच्या कोपऱ्यातली छोटी फट. खर्च वाढतो तो त्यावर घरी झालेल्या इलाजांमुळे: फेविक्विकचा थेंब, खोबरेल तेल, सेलोटेप, सँडपेपर. अर्ध्या तासाच्या कामाचं चार दिवसांचं काम होतं आणि घासलेली रीड तर पूर्ववत होतच नाही.

हा लेख भजनी मंडळांत आणि घरोघरी असणाऱ्या साध्या हार्मोनियमसाठी आहे: ३७, ३९ किंवा ४२ पट्ट्यांची, हाताने भाता मारायची, रीडच्या एक-दोन ओळींची. स्केलचेंजर पेटी (पट्ट्यांची फळी सरकवून स्वर बदलता येणारी) आणि कप्लरचे (एक पट्टी दाबली की दुसऱ्या सप्तकातली पट्टीही ओढणाऱ्या जोडणीचे) दोष यात घेतलेले नाहीत. त्या पेट्यांमध्ये पट्ट्यांखाली आणखी एक यंत्रणा असते. ती घरी उघडली तर परत जागेवर बसवणं नवख्याचं काम नाही.

घरी करण्यासारखी कामं तीनच आहेत. अडकलेली पट्टी मोकळी करणं, धुळीने बंद पडलेली रीड साफ करणं आणि हवेची छोटी गळती थांबवणं. तिन्हींत एक पथ्य सारखं आहे: केलेलं काम पुसून पूर्वीसारखं करता येत असेल, तरच ते घरी करायचं.

टप्पा १: पेटी न उघडता दोष शोधा

लोक इथेच घाई करतात. आवाज बिघडला की आधी स्क्रू काढतात आणि मग आत काय बघायचं ते ठरवतात. क्रम उलटा हवा. वही-पेन घ्या, पट्ट्यांना डावीकडून १ पासून नंबर द्या आणि पुढच्या चार तपासण्या करा.

*हवेची तपासणी.* सगळे स्टॉपर (रीडकडे जाणारी हवा उघडायच्या-बंद करायच्या खुंट्या) बंद करा. एकही पट्टी न दाबता भाता मारून आतला भाता पूर्ण भरा आणि हात काढा. भाता बसायला किती सेकंद लागतात ते लिहा. मग स्टॉपर उघडून, पट्टी न दाबता, हेच पुन्हा करा. पहिल्या वेळी हवा लवकर गेली तर गळती भात्यात किंवा हवापेटीच्या सांध्यात आहे. पहिल्या वेळी टिकली आणि दुसऱ्या वेळी पटकन गेली, तर पट्ट्यांच्या मागच्या झडपा नीट बसत नाहीत. एवढ्या एका तपासणीने निम्मी पेटी उघडायची वाचते. स्टॉपर बंद असताना पाच-सात सेकंदांतच भाता बसत असेल तर गळती मोठी आहे. ती पॅचने भागणार नाही.

*एकेक पट्टी.* प्रत्येक पट्टी दोन सेकंद दाबा, आधी हलक्या हवेवर, मग भरलेल्या भात्यावर. नंबरासमोर जे आढळेल ते लिहा: बोलत नाही, उशिरा बोलते, आवाज फाटतो, दाबलेलीच राहते, न दाबता वाजते. "मधले दोन-तीन सूर खराब आहेत" एवढ्यावर पुढे जाऊ नका.

*दोन ओळींची तुलना.* स्टॉपरने खर्ज (जाड आवाजाची) आणि नर (मधल्या आवाजाची) या रीडच्या ओळी वेगळ्या करता येत असतील तर त्याच पट्टीवर दोन्ही वाजवून पाहा. एक बोलते आणि दुसरी बोलत नाही, तर दोष रीडमध्ये. दोन्ही गप्प, तर झडपच उचलली जात नाही. म्हणजे दोष पट्टीत आहे आणि रीडला हात लावायचं कारणच नाही.

*खरखर कुठून येते.* खरखरणारा सूर वाजत ठेवून दुसऱ्या हाताने वरचं झाकण, जाळी, कड्या, मूठ एकेक करून दाबा. पुष्कळदा जाळीचा सैल खिळा किंवा झाकणाची बिजागरी त्या सुराबरोबर थरथरत असते. रीड निर्दोष असते आणि मार मात्र तिला बसतो.

तपासणी: या चारांनंतर वहीत नंबरवार यादी तयार हवी. यादी नसेल तर पेटी उघडू नका.

टप्पा २: दिवस कोणता, हवा कशी

सोलापुरात हा मुद्दा पुण्या-मुंबईपेक्षा जास्त महत्त्वाचा. एप्रिल-मेमध्ये पारा ४२ अंशांच्या आसपास आणि हवा कोरडी, त्यामुळे लाकूड आकसतं, स्क्रू सैल होतात, सांध्यांतून हवा जाते. पाऊस लागला, विशेषतः सप्टेंबरात, की तेच लाकूड फुगतं आणि पट्ट्या एकमेकींना घासतात. बऱ्याच पेट्यांचा 'बिघाड' हा ऋतूचा असतो. पावसात अडकलेली पट्टी त्याच आठवड्यात घासून मोकळी केली, तर वैशाखात ती दोन्ही बाजूंनी खडखडते. लाकूड परत लावता येत नाही.

म्हणून पावसाळ्यातला दोष आधी कोरड्या खोलीत आठ-दहा दिवस ठेवून पाहा. पेटीच्या खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. ऊन दाखवणं, हेअर ड्रायर, इस्त्रीची वाफ, गॅसजवळ ठेवणं, हे सगळं वर्ज्य. वरचा थर पटकन सुकतो, आतला ओला राहतो आणि रीडबोर्ड (रीड बसवलेली फळी) वाकतो.

उन्हाळ्यात आणखी एक चूक हमखास दिसते. पेटी कूलरच्या झोतात असते. कूलरची हवा थंड असते तशी ओलीही असते. तासभर ओली आणि उरलेला दिवस कोरडी, अशा हवेत झडपांचं चामडं वाकडं होतं आणि स्प्रिंगांना गंज धरतो.

काम सकाळी, उजेडात, पंखा बंद करून करा. शेजारी यंत्रमाग चालू असतील तर ते बंद असतानाची वेळ निवडा. सोलापूरच्या पूर्व भागातल्या, म्हणजे यंत्रमागांच्या वस्तीतल्या, पेट्यांमध्ये रीडखाली सापडणारी वस्तू बहुतेक वेळा धूळ नसते, सुताचा तंतू असतो. खिडकी उघडी ठेवून पेटी उघडली की एक तंतू काढता काढता चार नवे आत जातात.

टप्पा ३: सामानाची मांडणी

लागेल ते:

- स्क्रूच्या खाचेत घट्ट बसणारे दोन स्क्रूड्रायव्हर. पातळ टोकाचा घेतला तर खाच झिजते आणि स्क्रू निघायचाच थांबतो.
- एक इंची मऊ ब्रश आणि चित्रकलेचा एक बारीक ब्रश, दोन्ही नवे आणि कोरडे.
- कॅमेरा साफ करायचा रबरी ब्लोअर.
- गुळगुळीत कागदाच्या ५ मिलिमीटर रुंद पट्ट्या, आठ-दहा.
- ऑटोमोबाइलच्या दुकानात मिळणारा फिलर गेज (बारीक फट मोजायच्या पातळ पानांचा जुडगा). त्यातलं ०.०५ मिलिमीटरचं सर्वांत पातळ पान कामाचं.
- चिमटा, टॉर्च, मऊ शिशाची पेन्सिल.
- स्क्रू ठेवायला अंड्यांचा ट्रे, प्रत्येक खळग्यात नंबराची चिठ्ठी.
- खाली अंथरायला धुतलेलं, इस्त्री केलेलं सुती धोतर किंवा जुनी साडी. सोलापुरी टॉवेल कितीही चांगला असला तरी इथे नको, त्याचे धागे सुटतात. चादरीचंही तेच.
- मोबाइल. प्रत्येक स्क्रू काढण्याआधी फोटो.

आता ज्या गोष्टी टेबलावरसुद्धा नकोत त्या. नुकसान इथूनच सुरू होतं, म्हणून प्रत्येकीचं कारण देतो.

फेविक्विकसारखा झटपट गोंद लाकडाच्या आणि चामड्याच्या रेषांत शिरून काचेसारखा कडक होतो. हलणाऱ्या सांध्यात तो टिकत नाही, पण निघतही नाही. बंद पेटीत त्याची वाफ आजूबाजूच्या भागांवर पांढरी पुटं धरते आणि पुट रीडवर बसलं की सूर गेला. फेविकॉल लाकूडकामाला उत्तम आहे, मात्र पेटीतले जुने सांधे सरसाने (जनावरांच्या हाडा-कातड्यापासून केलेल्या गोंदाने) जोडलेले असतात. सरस ऊब आणि ओल देऊन सोडवता येतो. फेविकॉलचा थर एकदा मुरला की त्यावर पुढचा सरस धरत नाही, कारागिराला लाकूड खरवडावं लागतं. एम-सीलने बुजवलेला सांधा पुढे उघडायचा तर लाकूडच फुटतं.

डब्ल्यूडी-फोर्टी आणि शिलाई मशीनचं तेल पट्टीच्या पिनेवर मारलं की दोन दिवस पट्टी लोण्यासारखी चालते. नंतर तेल पसरत झडपेच्या फेल्टमध्ये जातं, धूळ धरतं आणि तिथे चिकट लगदा होतो. खोबरेल तेलाची गत वेगळी नाही. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत, ऐन सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, ते थिजतंही. टाल्कम पावडर ओल धरते आणि रीडखाली जाऊन बसते.

पितांबरी, चिंच, लिंबू, पितळेचं पॉलिश यांतलं काहीही रीडला लावू नका. रीड काळवंडली म्हणून बेसूर होत नाही. चकाकी येते ती धातूचा थर जाऊन, आणि धातू गेला की सूर हलतो. आम्लाचा अंश रिव्हेटखाली राहून आतून खात राहतो. अमोनिया असलेलं पॉलिश तर ताण सोसणाऱ्या पितळेला तडे पाडतं, आणि रीडची जीभ दिवसभर ताणच सोसत असते.

सेलोटेप आणि इन्सुलेशन टेप: मे महिन्यात त्यांचा गोंद वितळून भात्याच्या घडीत पसरतो. टेप गळून पडते, चिकटपणा राहतो, आणि त्या जागेवर मग चामडंही बसत नाही.

टप्पा ४: उघडण्याचा क्रम

१. मागचा भाता मिटून कडी लावा. स्टॉपर उघडा आणि एक-दोन पट्ट्या दाबून आतल्या भात्यातली हवा पूर्ण जाऊ द्या. आतला भाता खालच्या स्प्रिंगांच्या जोरावर असतो. हवा भरलेली असताना रीडबोर्ड सैल केला तर तो एका बाजूने उसळतो.

२. वरचं झाकण, काच किंवा जाळी काढा. फोटो घ्या.

३. रीडबोर्डचे स्क्रू किंवा आकडे पाहा. जुना स्क्रू अडून बसला असेल तर ड्रायव्हर जोराने दाबून आधी किंचित आवळायच्या दिशेने फिरवा, मग उलटा. स्क्रू निघाला की तो त्याच्याच नंबराच्या खळग्यात. लांबी सारखी दिसली तरी अदलाबदल नको. प्रत्येक भोकाचे आटे त्या त्या स्क्रूचे असतात.

४. रीडबोर्ड दोन्ही टोकांना धरून सरळ वर उचला. कडेची चामड्याची किंवा फेल्टची पट्टी उन्हाळ्यात चिकटून बसते. बोर्ड निघत नसेल तर राहिलेला एखादा स्क्रू शोधा, बहुतेक वेळा तोच धरून ठेवत असतो. फटीत स्क्रूड्रायव्हर घालून उचकटायचं नाही. तिथे पडलेला खळगा म्हणजे कायमची गळती.

५. रीड बोर्डच्या खालच्या बाजूला असतात. बोर्ड उलटा करून दोन्ही टोकांखाली सारख्या उंचीचे ठोकळे ठेवा. पट्ट्या अधांतरी राहिल्या पाहिजेत. सगळं वजन पट्ट्यांवर आलं तर झडपा उचललेल्या राहतात आणि स्प्रिंगा दबतात.

रीड बोटाने चाळवू नका. घामाचा मीठ-अंश पितळेवर डाग पाडतो. उन्हाळ्यात हात घामट असतील तर दर थोड्या वेळाने पुसा.

इशारा: बोर्ड निघाल्यावर आत उंदराची घाण, कुरतडलेलं चामडं किंवा वाळवीची माती दिसली तर तिथेच थांबा. फोटो काढून बोर्ड परत बसवा आणि पेटी कारागिराकडे न्या.

टप्पा ५: पट्टी अडकत असेल

या कामाला रीडबोर्ड काढावाच लागतो असं नाही. झाकण काढलं तरी पुष्कळदा भागतं.

आधी पट्ट्यांच्या मधल्या फटी टॉर्चने पाहा. खंडेनवमीला, दसऱ्याला वाद्यांची पूजा होते आणि अक्षता, कुंकू, झेंडूच्या पाकळ्या पट्ट्यांवरच वाहिल्या जातात. तांदळाचा एक दाणा दोन पट्ट्यांत उभा अडकला तर दोन्ही बंद. उदबत्तीची राख, बुक्का, गुलाल हेही तिथेच साठतं. (पूजा अवश्य करा, पण झाकण लावून. कुंकू झाकणाला वाहिलं तरी पोचतं.)

क्रम असा:

१. पेटी थोडी पुढे कलती धरून बारीक ब्रशने फटीतला कचरा पुढच्या बाजूला ओढा. मागे ढकलला तर तो झडपेखाली जातो.

२. कागदाची पट्टी दोन पट्ट्यांमधून पुढून मागे ओढा. सहज सरकली तर घर्षण बाजूचं नाही. अडली तर कुठे अडली तिथे पेन्सिलीची बारीक खूण करा.

३. बाजूचं घर्षण नसेल तर पट्टीला दिशा देणारी पिन पाहा. पिनेच्या दोन्ही अंगांना मऊ पेन्सिलीचं शिसं घासा आणि पट्टी वीसेक वेळा दाबा. वंगण म्हणून एवढंच.

४. तरीही पट्टी वर येत नसेल तर स्प्रिंग पाहा. तारेचं टोक खाचेतून सुटलं असेल तर चिमट्याने परत बसवा.

इथे एक मोह होतो. पेटी 'हलकी' करण्यासाठी सगळ्या स्प्रिंगा थोड्या वाकवल्या जातात. पट्टीला वर आणणारी तीच स्प्रिंग झडप दाबूनही धरते. ती सैल केली की भाता भरल्यावर हवा झडप उचलते आणि सूर न दाबता वाजायला लागतो. मग गळती म्हणून भाता बदलला जातो, दोष तिथेच राहतो.

बाजूचं घर्षण खरोखर लाकडाचं असेल तर वर सांगितलेले आठ-दहा दिवस द्या. तरीही राहिलं तर पावसाळा सरल्यावर, दिवाळीनंतर कारागिराकडून घासून घ्या. घरी सँडपेपर नको.

टप्पा ६: रीड बोलत नसेल किंवा आवाज फाटत असेल

सगळ्यांत जास्त नुकसान या टप्प्यात होतं, म्हणून थोडं सावकाश.

रीड म्हणजे पितळेच्या चौकटीवर एका टोकाला रिव्हेटने पक्की केलेली पातळ जीभ. हवा आली की ती चौकटीच्या खाचेतून आत-बाहेर हलते. जीभ आणि खाच यांच्यामधली फट केसाहूनही बारीक असते. तिथे सुताचा एक तंतू आला तरी जीभ थांबते किंवा फाटका आवाज काढते. जिभेचं मोकळं टोक चौकटीपासून किंचित वर उचललेलं असतं, साधारण जिभेच्या जाडीइतकं. हे उचलणं मुद्दाम केलेलं असतं. ती वाकली आहे असं समजून दाबून सपाट केली की रीड मुकी होते. हवा तिला खाचेवर दाबून ठेवते आणि ती हलायला सुरुवातच करत नाही. उलट जास्त उचलली गेली तर सूर उशिरा बोलतो आणि हवा खातो.

सफाई अशी:

१. यादीतल्या नंबरची रीड शोधा. बोर्ड उलटा असल्याने डावं-उजवं बदलतं. त्या नंबरची पट्टी खालून हळूच दाबा, कुठली झडप उघडते ते टॉर्चच्या उजेडात खाचेतून दिसतं. या एका चुकीपायी चांगल्या रीडवर उपचार होत असतात.

२. आधी फक्त रबरी ब्लोअर. तोंडाने फुंकू नका, थुंकीची ओल जाते. सायकलच्या दुकानातला कॉम्प्रेसर तर अजिबात नको, त्या झोताने पातळ जिभा वाकतात.

३. मऊ ब्रश रिव्हेटपासून टोकाकडे, नेहमी जिभेच्या लांबीच्या दिशेने. आडवा फिरवला तर जीभ बाजूला सरकते आणि चौकटीला घासायला लागते.

४. तंतू तरी निघाला नाही तर कागदाची पट्टी मोकळ्या टोकाकडून जिभेखाली सरकवा, रिव्हेटच्या अलीकडे थांबा आणि त्याच वाटेने बाहेर ओढा. जीभ एक मिलिमीटरपेक्षा जास्त उचलायची नाही. कागद जात नसेल तर फिलर गेजचं ०.०५ चं पान. तेही अडलं तर सोडून द्या. ब्लेड, टाचणी, सुई, पत्र्याचा तुकडा यांनी पितळेवर ओरखडा उठतो आणि पुढे जीभ तिथूनच तुटते.

५. टॉर्च खालून धरून जिभेच्या दोन्ही बाजूंची फट पाहा. प्रकाशाची रेघ दोन्हीकडे सारखी दिसली पाहिजे. एका बाजूला रेघच नसेल तर जीभ सरकली आहे. ती मध्यावर आणणं म्हणजे रिव्हेटवरचं काम, ते घरी नाही.

तपासणी: बोर्ड तात्पुरता बसवून चारच स्क्रू लावा आणि यादीतले सूर वाजवून पाहा. बोर्ड बाहेर असताना रीडवर फुंकर मारून किंवा छेडून सूर तपासला तर फसगत होते. हवापेटीच्या दाबाखाली तोच सूर वेगळा लागतो.

साफ करूनही आवाज फाटतच असेल आणि तो सूर काही दिवसांत आपोआप उतरला असेल, तर रिव्हेटजवळ तडा गेला आहे. अशी रीड जुळवायची नसते, बदलायची असते. जुळवत बसलात तर भजन ऐन रंगात असताना तुटेल. बदलताना कारागिराला जुन्या रीडची जात विचारून तशीच घ्यायला सांगा. जर्मन रीडच्या ओळीत मध्येच एक पालिताणा (गुजरातेत बनलेली) रीड आली तर सुरात बसली तरी आवाजाची जात वेगळी ऐकू येते.

आता सूर जुळवण्याबद्दल. जिभेच्या टोकाकडचा धातू खरवडला की सूर चढतो, मुळाकडचा खरवडला की उतरतो. एवढं कळलं की मोबाइलवर ट्यूनर घेऊन पॉलिश पेपर हातात येतो. हे करू नका, कारणं तीन. खरवडलेला धातू परत येत नाही. चढवला-उतरवला-पुन्हा चढवला, असं दोन-चारदा झालं की जीभ पातळ होऊन आवाजच बारीक होतो. दुसरं, भात्याचा जोर बदलला की रीडचा सूर थोडा हलतो, ट्यूनरचा काटा दर भात्याला वेगळं दाखवतो. तिसरं, पेटी ४४० हर्ट्झवर, म्हणजे ट्यूनर धरतो त्या मापावरच, मिळवलेली असेल असं नाही. ती जुन्या मापाने किंवा गाणाऱ्याच्या कानाप्रमाणे मिळवलेली असेल, तर ट्यूनर सगळेच सूर 'चुकीचे' दाखवेल. त्यातला एक तुम्ही 'बरोबर' केलात की बाकी सगळ्यांशी तो बेसूर.

टप्पा ७: हवेची गळती

जागा शोधायला टिश्यू पेपरची बोटभर पट्टी पुरते. कुणाला तरी भाता मारायला सांगा आणि पट्टी भात्याच्या घड्या, कोपरे, रीडबोर्डची कड, स्टॉपरच्या दांड्या इथून हळूहळू फिरवा. जिथे ती फडफडते तिथे फट. उदबत्तीच्या धुराने शोधायची पद्धत आहे, पण धुराचा चिकटपणा आणि राख दोन्ही आत जातात.

*रीडबोर्डची कड गळत असेल:* उन्हाळ्यात हे नेहमीचं. स्क्रू मधून सुरू करून दोन्ही टोकांकडे, आलटून-पालटून, प्रत्येकी पाव फेरा आवळा. एकच स्क्रू गच्च आवळून पुढच्याकडे गेलात तर बोर्ड पिळतो. स्क्रू हाताला टेकल्यासारखा वाटला की थांबा. मेमध्ये ताकद लावून आवळलेला बोर्ड ऑगस्टमध्ये फुगायला जागा न मिळाल्याने वाकतो किंवा आटे फाडतो. आटे आधीच गेले असतील तर जाड स्क्रू ठोकू नका. काडीपेटीच्या काडीचा बारीक तुकडा सरसात बुडवून भोकात घाला, दिवसभर सुकू द्या, मग तोच स्क्रू लावा.

*झडप गळत असेल:* झडपेखाली कागदाची पट्टी ठेवून, पेटीची पट्टी न दाबता, कागद ओढा. शेजारच्या झडपांइतकाच अडसर लागला पाहिजे. सैल सुटला तर झडपेखाली केस किंवा कचरा आहे, ब्रशने काढा. चामडं कडक होऊन वाकलं असेल तर ते बदलावंच लागतं. तेल पाजून मऊ होईल, बंद होणार नाही.

*भात्याचा कोपरा फाटला असेल:* आधी अंधाऱ्या खोलीत भाता ताणून आतल्या बाजूला टॉर्च धरा. प्रकाश एकाच जागी दिसला तर पॅच. चांदण्या पडल्यासारखा सगळीकडून दिसला तर भात्याचं कापडच संपलं आहे, नवा भाता बांधून घ्या. वरून रंग किंवा वॉर्निश मारून छिद्रं बुजवली तर घडीवर ते पापुद्र्यासारखं तडकतं.

पॅचची कृती:

१. सरसाचे खडे, त्यांच्या वजनाच्या दुप्पट थंड पाण्यात रात्रभर भिजत घाला.

२. सकाळी ते भांडं गरम पाण्याच्या दुसऱ्या भांड्यात ठेवून विरघळवा. साधारण ६० अंश, म्हणजे बोट क्षणभरही ठेववणार नाही इतकं गरम, पण उकळी नाही. उकळलेल्या सरसाची पकड जाते.

३. पातळ, मऊ चामड्याचा तुकडा फाटलेल्या जागेपेक्षा चारी बाजूंनी १० मिलिमीटर मोठा कापा. कोपरे गोल करा आणि कडा धारदार सुरीने आतल्या बाजूने तासून पातळ करा. जाड कड घडीत उभी राहते आणि तिथूनच सुटते.

४. जुना टेपचा गोंद असेल तर तो पूर्ण निघाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

५. घडी उघडी ठेवून चामड्याला सरसाचा पातळ हात द्या, बसवा, बोटाने मधून कडेकडे दाबा. सरस थिजायला लागला, पण सुकला नाही, अशा वेळी भाता दोन-तीनदा सावकाश उघडून मिटा. त्यामुळे चामडं घडीचा आकार धरतं.

६. भाता अर्धा उघडा ठेवून २४ तास सुकवा. पावसाळ्यात दोन दिवस द्या.

टप्पा ८: परत बसवणं

बोर्ड सरळ खाली ठेवा, चामड्याची कड कुठे दुमडली नाही ना ते चारी बाजूंनी पाहा. स्क्रू भोकात ठेवून आधी उलटा फिरवा. जुन्या आट्यात बसताना हाताला बारीक टक लागते, तिथून सुलटा आवळा. ही सवय नसल्याने दर वेळी नवे आटे पडतात आणि तीन-चार उघडण्यांत भोक निकामी होतं.

मग टप्पा १ मधल्या चारही तपासण्या पुन्हा करा आणि सेकंदांची तुलना वहीतल्या जुन्या आकड्याशी करा. आकडा कमी झाला असेल तर बोर्डची कड नीट बसलेली नाही, पुन्हा उघडा. ट्रेमध्ये स्क्रू उरला असेल तर फोटो पाहून त्याची जागा शोधा. दुसऱ्या दिवशी पंधरा मिनिटं वाजवून एकदा स्क्रू तपासा. डांबरगोळ्या आत ठेवू नका, त्यांची पूड रीडखाली जाते.

कारागिराकडे न्यायची असेल तर

पुढच्यांपैकी काहीही असेल तर घरी वेळ घालवू नका: तडकलेली किंवा सरकलेली रीड, पूर्ण जुळवणी, संपलेला भाता, वाकलेला रीडबोर्ड, कप्लर आणि स्केलचेंजर. आषाढी-कार्तिकीच्या तोंडावर गर्दी असते, त्यामुळे वारीच्या आदल्या आठवड्यात नेऊन "उद्या द्या" म्हणालात तर घाईचंच काम मिळेल. तंबोरा-सतारीसाठी मिरजेची वाट धरा, पेटीच्या माणसाला तुंबा जोडायला सांगू नका.

नेण्यापूर्वी मोबाइलवर सगळे सूर क्रमाने रेकॉर्ड करा. वहीतली यादी सोबत द्या. याआधी काय काय लावलं गेलं, तेल, गोंद, टेप, ते न लाजता सांगा. कारागीर त्याप्रमाणे गरम पाणी वापरायचं की खरवडायचं ते ठरवतो.

नेताना भाता कडी लावून, स्टॉपर बंद करून, खोक्यात. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत पेटी ठेवू नका. बंद डिकीतल्या उष्णतेने सरसाचे सांधे सैल होतात. मोटारसायकलवर नेत असाल तर पेटी आडवी, मांडीवर आणि मध्ये जाड उशी.

किती रीड बदलल्या, कोणत्या नंबरच्या, ते बिलावर लिहून घ्या आणि काढलेल्या जुन्या रीड परत मागा. त्यातली एखादी धड असेल तर पुढे त्याच ओळीत कामी येते.